आत्याचा सर्प

परवा नातीनं पुण्याहून मोबाइलवर तिच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो पाठवला. इंग्रजीत आवाजावरून झालेले शब्द असतात, त्यांचा धडा. घंटेचा शब्द, मांजराचा शब्द, दार आपटल्याचा शब्द आणि सगळ्यात खाली ‘स्लर्प’. त्याच्यापुढं अर्थ छापलेला, खाताना किंवा पिताना तोंडाने असभ्य आवाज करणे. त्याखाली वाक्यात उपयोग, पाहुण्यांसमोर स्लर्प करू नये. आणि त्याखाली गृहपाठ, की हाच शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा. ‘आज्जी, तू इंग्रजीची बाई होतीस ना, सांग की एक वाक्य,’ असं नातीनं लिहिलेलं. मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि तो ‘असभ्य’ पुन्हा वाचला. ह्या वयात चिडू नका असं डॉक्टर सारखं सांगतात. पण हा शब्द आमच्या घरचा आहे. आम्हाला न विचारता त्याच्यापुढं कुणी काहीही छापायचं म्हणजे काय? वाक्य सांगते, जरा थांब, असं मी तिला कळवलं आणि हे लिहायला बसले.

आमचं घर सोलापुरातल्या एका पेठेत होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि त्यांच्या मागं पत्र्याखाली चुली. दुकानात विकायला मुख्य दोनच वस्तू, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. त्यामुळं घरात सकाळपासून आवाज असायचा. परातीत भाकरी थापल्याचा, उखळात शेंगदाणे कुटल्याचा, आणि पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट तर चोवीस तास. लाइट गेली आणि माग बंद पडले की आम्हाला कसंसंच व्हायचं, कुणीतरी बोलता बोलता मधेच उठून गेल्यासारखं. घरात आम्ही मराठी आणि कानडी दोन्ही बोलायचो. गिऱ्हाइकाशी मराठी, देवाशी कानडी, भांडताना जी आधी तोंडात येईल ती. घाबरायचं मात्र सगळ्यांनी कानडीतच. हे आत्ताच सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

आत्या म्हणजे आप्पांची, माझ्या वडलांची थोरली बहीण, निलव्वा. कपाळभर विभूती, हाताला कायम ज्वारीचं पीठ आणि आवाज असा की मागं चुलीपाशी बसून पुढच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाला भाव सांगायची. पण ती पहिल्यापासून अशी नव्हती. लग्न होऊन अक्कलकोटच्या पलीकडं गेली आणि पोरबाळ व्हायच्या आधीच नवरा गेला. सासूनं तिचं ताट धान्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. सगळ्यांचं झाल्यावर तिनं तिथं जेवायचं आणि जेवल्याचा आवाज सोप्यापर्यंत येता कामा नये, असा त्या घरचा कायदा. आता कडक भाकरी म्हटल्यावर ती मोडताना वाजणार, चावताना वाजणार. म्हणून आत्या ती आधी पाण्यात भिजवून मऊ करायची आणि मग गिळायची. आप्पा एकदा तिला भेटायला गेले आणि विचारत विचारत त्या खोलीपाशी पोचले. अंधारात बसून बहीण पाण्यात भिजवलेली भाकरी खातीय, हे त्यांनी बघितलं. ‘अक्का, गाठोडं बांध,’ एवढंच म्हणाले आणि तिला घेऊन आले.

मी तेव्हा जन्मले नव्हते, हे सगळं आईनं सांगितलेलं. पहिल्याच जेवणाला आप्पांनी आत्याला आपल्या शेजारी पाट टाकला. पुढ्यात कडक भाकरी आणि गरम आमटी. आमची आमटी म्हणजे शेंगदाण्याची, काळ्या मसाल्याची, वर लाल तवंग आलेली. गरम असतानाच खायची, गार झाली की मजा गेली. आत्यानं वाटी तोंडाला लावली आणि इतक्या वर्षांनी तिच्याकडून चुकून भुरका मारला गेला. सुर्रर्र! तिचं तिलाच दचकायला झालं. वाटी खाली ठेवून ती सगळ्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. आप्पांनी आपली वाटी उचलली आणि तिच्यापेक्षा मोठा भुरका मारला. आई म्हणायची, त्यानंतर तुझी आत्या हसली ती थेट रडेपर्यंत हसली. मला आठवते ती आत्या ही त्यानंतरची. तिचा भुरका ऐकून गल्लीतल्या बायका म्हणायच्या, निलव्वा जेवायला बसली वाटतं, चला, आपलीही पानं घ्या.

आता कुणी म्हणेल, भुरका काय आणि मचमच काय, सारखंच. अजिबात सारखं नाही. मचमच तोंड उघडं ठेवून चावणाऱ्याची, ती मलाही चालत नाही. भुरक्यात ओठ पुढं काढून, आमटीबरोबर वारा आत ओढायचा असतो. जीभ भाजत नाही, मसाल्याचा वास नाकापर्यंत जातो आणि रांधणारणीला चुलीपाशी बसल्या बसल्या कळतं की जमलंय. आमच्या घरात ‘आमटी छान झालीय’ असं तोंडानं कुणी म्हणत नसे. आत्या भुरके ऐकून ओळखायची. आवाज कमी आला तर मीठ चाखून बघायची.

माझा भाऊ अण्णा पुण्याला एका कंपनीत लागला. हुशार होता, राबून शिकला होता, आम्हाला त्याचं कौतुकच होतं. तिथं त्यांना साहेबलोकांत कसं उठावं-बसावं ह्याचं ट्रेनिंग दिलं आणि ते त्याच्या डोक्यात फार घट्ट बसलं. सुट्टीला आला की चमचा माग, हात पुसायला रुमाल माग, आमच्या बोलण्यातलं ‘हाय’ काढून ‘आहे’ घाल, असं चालायचं. एकदा दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलेलो. आत्यानं वाटी उचलली आणि एक लांबलचक भुरका मारला. अण्णा ताटावरूनच ओरडला, “आत्या! स्लर्प!”

आत्याला ऐकू आलं ते ‘सर्प’.

“यव्वा! हाव? यल्लि?” म्हणत ती पाटावरून उठली ती थेट धान्याच्या पिंपावर जाऊन बसली. कानडीत साप म्हणजे हाव, यल्लि म्हणजे कुठं, आणि घाबरायचं कानडीत हे मघाशी सांगितलंच. आईनं ताट टाकलं, मी पेटीवर चढले, आप्पा चुलीतलं जळतं लाकूड घेऊन आले. दुकानात एक गिऱ्हाईक उभं होतं, ते चटणी तिथंच टाकून पळालं आणि पळता पळता साप साप म्हणून ओरडलं. झालं, मागावरचे दोघेतिघे काठ्या घेऊन आत घुसले. त्यांनी सरपण उपसलं, उखळ हलवलं. अण्णा मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत सांगत होता, “अहो, साप नाही! इंग्लिश आहे ते, इंग्लिश!”

“इंग्लिश साप?” आत्यानं पिंपावरूनच विचारलं.

सगळं निवल्यावर अण्णानं नीट सांगितलं. असा आवाज करून खाण्याला इंग्रजीत स्लर्प म्हणतात, आणि चारचौघांत ते वाईट दिसतं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “आसं व्हय,” म्हणाली. “म्हंजे मी रोज दोन्ही टायमाला सर्प मारती म्हण की. लई धाडसाची हाय रे मी.” आप्पांना ठसका लागला. मीही मग सोडते होय? म्हटलं, अण्णा, तो शब्द परत म्हणून बघ. म्हणताना तुझ्याच तोंडातनं भुरका निघतोय. ज्यांनी हा शब्द केला ती माणसं काय तोंड मिटून सूप प्यायची? भुरका मारल्याशिवाय हा शब्द सुचेल तरी का कुणाला? “तू गप बस, शहाणी,” अण्णा म्हणाला. मी तेव्हा शाळेत होते. त्याला दुसरं उत्तर सुचलं नाही म्हणजे माझं बरोबर आहे, हे मला त्याच दिवशी कळलं. पुढं जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण त्या शब्दाबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही.

त्या दिवसापासून घरात भुरक्याला सर्प म्हणायची पद्धत पडली. आमटी जमली की आप्पा म्हणायचे, आज सर्प निघणार बघा. पातळ झाली की आत्या म्हणायची, आज सर्प नको, सरळ प्या.

मग अण्णाला पुण्याचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. ती मंडळी घर बघायला आणि जेवायला येणार असं ठरलं. अण्णा आदल्या दिवशीच आला. मांडववाल्याकडनं टेबल-खुर्च्या आणल्या, काचेचे ग्लास आणले. आत्या सकाळपासून चुलीपाशी. हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर, शेंगापोळ्या, आमटी, सगळं तिच्याच हातचं. मी शेंगापोळीचं सारण मळत तिथंच बसले होते. अण्णा आला आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, “आत्या, पाहुणे जेवायला बसले की तू जरा आतच बस. नंतर जेव. म्हणजे काय, उगाच…”

आत्याचा हात पिठात थांबला. मग तिनं तो उंडा परत मळायला घेतला. “बरं की,” म्हणाली. “मला आत बसायची सवय हाय.” आणि थोड्या वेळानं विचारलं, “आमटी दाट करू का पातळ?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच पिठाच्या हातानं दुकानात आप्पांकडं गेले. आप्पांनी सगळं ऐकलं. “एका जेवणाचा तर सवाल हाय,” म्हणाले. “पोराच्या लग्नाचं हाय, सुनंदा. तू मधी पडू नको.” आप्पा असं म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. ज्या माणसानं तिला त्या धान्याच्या खोलीतनं उठवून आणलं, तोच म्हणत होता एका जेवणाचा सवाल. मी पाय आपटत परत आत आले आणि आत्या मलाच म्हणाली, “तोंड फुगवू नको. पाव्हणं यायलीत, वेणी घालून घे.”

पाहुणे आले. साहेब, त्यांच्या बाई आणि मुलगी. टेबलावर बसले. वाढायचं काम माझ्याकडं. मी सांगते, इतकं मुकं जेवण मी आजवर बघितलेलं नाही. सगळे चमच्यानं आमटी अशी घेत होते, की चमचा वाटीला लागला तरी माफी मागतील. बाईंनी कडक भाकरीचा तुकडा तोंडात घातला, तो कडाडकन वाजला आणि त्या चावायच्याच थांबल्या. बिचाऱ्या, आता गिळायचं कसं ह्याच विचारात. अण्णा आपला सगळ्यांकडं बघून हसतोय. मी आमटी आणायला आत गेले. आत्या पिठाच्या डब्यांमागं, भिंतीकडं तोंड करून ताट घेऊन बसली होती. मला वाटलं, भूक लागली असेल, बसली. जवळ जाऊन बघितलं तर ती पाण्याच्या तांब्यात भाकरी बुडवत होती. मऊ करायला. वाजू नये म्हणून.

मग मला कुणाचं लग्न आणि कुणाचे पाहुणे काही राहिलं नाही. आमटीची वाटी भरली, बाहेर आले, आतल्या आणि बाहेरच्या खोलीच्या मधल्या उंबऱ्यावर फतकल मारून बसले आणि सगळ्यांच्या समोर भुरका मारला. असला भुरका मी त्याआधी कधी मारला नव्हता. आमटी संपली तरी मी वारा ओढतच होते. साहेबांचा चमचा हातातच राहिला. अण्णाचं तोंड लाल झालं. तो दात खाऊन म्हणाला, “सुनंदा! स्लर्प!”

“व्हय, सर्पच!” मी ओरडले. “आत्या, भाईर ये! सर्प निघालाय!”

आता हे आमचं घरातलं बोलणं पुण्याच्या माणसांना काय ठाऊक! बाईंनी किंकाळी फोडून दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. मुलीनंही घेतले. साहेब घाईनं उठायला गेले, टेबल कललं आणि गरम आमटी त्यांच्या पँटीवर. “कुठंय? कुठंय?” ते ओरडायलेत, अण्णा “नाही हो, नाही हो” करतोय, आणि मी उंबऱ्यावर तशीच बसलेली, रिकामी वाटी हातात घेऊन. उठायला सांगून बघा म्हणावं.

आप्पा उठले. “बसा, बसा, साप न्हाय,” म्हणाले आणि माझ्या बाजूनं आत गेले. आत्याच्या ताटात ती भिजलेली भाकरी होती. आप्पा तिथं उभे राहिले. मी मान वळवून बघत होते, त्यांनी ते ताट बघितलं आणि डोळे पुसले. मग आत्याचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. ती नको नको म्हणत होती, पदर सारखा करत होती. आप्पा पाहुण्यांना म्हणाले, “ही माझी थोरली भैन, निलव्वा. तुमी जेवला ते सगळं हिनं केलंय. ही आमच्यात बसून जेवती आणि आवाज करून जेवती. पटत आसंल तर सोयरीक करू. न्हायतर शेंगापोळ्या बांधून देतो, गाडीत खावा.”

साहेब पँट पुसत म्हणाले, आम्ही कळवतो. त्यांनी कळवलं नाही. जाताना ती मुलगी तोंडाला रुमाल लावून होती, हसत होती की काय ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. अण्णानं बॅग भरली. जाताना दारात थांबून मला म्हणाला, “माझं वाटोळं केलंस तू.” मी म्हटलं, “तू आत्याला आत बसवलंस.” तो तसाच स्टेशनला गेला. लोक मला आजही विचारतात, तुला वाईट नाही का वाटत, भावाचं ठरत आलेलं लग्न मोडलं. नाही वाटत. परत तसंच झालं तर परत उंबऱ्यावर बसेन, फक्त आता गुडघ्यामुळं उठायला कुणालातरी हात द्यावा लागेल.

पण आम्ही जिंकलो असं समजू नका. त्या दिवसानंतर आत्या पंगतीत बसायची, आप्पांच्या शेजारीच बसायची, पण भुरका मारेना. चमचा घेऊन गुपचूप खायची. भाकरी आमटीत पार विरघळू द्यायची आणि मग तोंडात घालायची. “माज्या तोंडापायी पोराचं लगीन मोडलं,” एवढंच आईला म्हणाली होती. मी मोठमोठ्यानं भुरके मारून बघितले, आप्पांनी मारले, आईनं सुद्धा मारून बघितला, जिनं आयुष्यात कधी मारला नव्हता. आत्या म्हणायची, “पोट भरतंय की. आवाज कशाला पायजे?” आमटी जमली का बिघडली, हेही कळेनासं झालं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, निलव्वा गावाला गेलीय का?

पुढच्या सुट्टीला अण्णा आला. माझ्याशी बोलला नाही, मीही बोलले नाही. सगळे जेवायला बसलो. त्याला जसं हवं होतं तसंच झालं होतं, घरात कुणी आवाज करत नव्हतं. पलीकडच्या मागांची खटखट तेवढी येत होती. अण्णा थोडं जेवला, थांबला, आत्याच्या चमच्याकडं बघत बसला. परत दोन घास खाल्ले, परत थांबला. शेवटी त्यानं हातातला चमचा खाली ठेवला.

“आत्या,” तो म्हणाला, “सर्प कुटं गेला?”

किती दिवसांनी त्याच्या तोंडून ‘कुटं’ ऐकलं मी!

“तूच हाकललास की,” आत्या ताटातच बघत म्हणाली.

“मग बोलव की परत.”

“मला येत न्हाय आता. तू बोलवून दाव.”

अण्णानं वाटी उचलली. ओठ पुढं काढले. आणि कसं ओढायचं तेच विसरला बिचारा. आमटी भलतीकडं गेली, नाकातनं आली, डोळ्यातनं पाणी, खोकून खोकून बेजार. आत्या धडपडत उठली आणि त्याच्या पाठीत धपाटे घालायला लागली. “अय्य! सायबा! ओठ चंबू कर म्हटलं की, आसं काय गाढवावानी ओढायलास!” खोकता खोकता अण्णा हसायला लागला. आत्याही हसायला लागली. मग तिनं त्याचीच वाटी घेतली. “हितं बघ,” म्हणाली, आणि त्याला दाखवायला म्हणून भुरका मारला. आधी जरा दबकत. मग दुसरा, पहिल्यासारखा, सुर्रर्र. आप्पा जेवायचे थांबले होते, ते परत जेवायला लागले. आत्यानं जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाली, “मीठ कमी हाय गं, सुनंदा.”

अण्णाचं पुढं लग्न झालं, सांगोल्याच्या मुलीशी. ती पहिल्यांदा जेवायला बसली तेव्हा आत्याला आपल्या शेजारी जागा करून देणारा अण्णाच होता. माझ्याशी तो बोलायला लागला त्याला वेळ लागला, आणि ‘माझं चुकलं’ असं तो कधी म्हणाला नाही. मीही म्हणाले नाही. आत्या म्हातारी होऊन, दात सगळे पडल्यावर गेली. भुरक्याला दात लागत नाहीत, असं ती अभिमानानं सांगायची.

एवढं लिहून झाल्यावर मी नातीला फोनवर कळवलं, तो ‘असभ्य’ आधी खोड. पेन्सिलीनं नको, पेनानं खोड. बाईंनी मार्क कापले तर कापू देत, आणि फारच बोलल्या तर माझा नंबर दे. मग वाक्य सांगितलं. तिला इंग्रजीत सांगितलं, इथं मराठीत लिहिते. माझी आत्या भुरका मारून जेवायची, आणि एकदा मी पाहुण्यांसमोर तसाच भुरका मारला, त्यानंतर तिला कुणी आत बसवलं नाही. नातीचं लगेच उत्तर आलं, ‘आज्जी, वाक्य जरा मोठं नाही का झालं?’

मी लिहिलं, मोठंच आहे. वर्गात मोठ्यानं वाच.